मदत वाटताना गाव मोडू नये म्हणून : हैतीतल्या कामाची एक पद्धत

हैतीच्या दक्षिण भागात बाजारात तांदूळ पत्र्याच्या मोठ्या डब्याने मोजतात. त्या मापाला ‘ग्वो मामित’ म्हणतात. आपल्या पायलीचा तिकडचा चुलतभाऊच म्हणायचा. एका वादळानंतरच्या तिसऱ्या आठवड्यात मी तिथल्या आठवडी बाजारात गेलो, तेव्हा एक बाई तीन भरल्या पोत्यांमागे बसली होती. मामित उपडा घातलेला, त्यावर कोपर टेकलेलं. दुपार झाली तरी बोहनी नव्हती, कारण आदल्या दिवशी दोनशे पावलांवरच्या शाळेच्या पटांगणात आम्हीच फुकट तांदूळ वाटला होता. तिची पोती उधारीवर उचललेली होती आणि व्याज आठवड्याचं होतं.

पहिल्या आठवड्यात तो तांदूळ लागत होता, कारण रस्ते बंद होते आणि दुकानं पाण्यात होती. तिसऱ्या आठवड्यात बाजार उघडला, आणि आमचा ट्रक मात्र ठरलेल्या यादीप्रमाणे येत राहिला. आमच्या कागदावर ही ‘मदत’ होती. पुढच्या वर्षीच्या कागदावर ‘महिला व्यापाऱ्यांचं सबलीकरण’ असा वेगळा प्रकल्प होता, आणि तो बहुधा याच बाईसाठी होता.

आधी मदत, मग पुनर्वसन, मग विकास, अशी रांग प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर काढून दाखवतात. हैतीसारख्या देशात ही रांग लागतच नाही. २०१० चा भूकंप, त्याच वर्षी कॉलरा, २०१६ चं मॅथ्यू वादळ, २०२१ चा दुसरा भूकंप आणि त्यानंतर टोळ्यांचं राज्य. एक निस्तरतंय तोवर दुसरं दारात असतं. म्हणून पहिल्या दिवशी कुणाकडून काय विकत घेतलं, पैसे कुणाच्या हातात दिले आणि बैठक कुठल्या भाषेत झाली, यावरच पुढच्या दहा वर्षांचा विकास ठरतो. हा लेख अशा कामात उतरू पाहणाऱ्या डॉक्टर, अभियंते, समाजकार्याचे पदवीधर आणि संस्थांच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांसाठी आहे. क्रम महत्त्वाचा आहे, तो शक्यतो मोडू नका.

१. विमानात बसण्याआधी : तुमच्या आधी कोण काय करून गेलं

तीन गोष्टी नीट समजून घेतल्याशिवाय हैतीत पाय ठेवू नये.

पहिली तांदळाची. आर्तिबोनीत नदीचं खोरं म्हणजे हैतीचं भातकोठार. १९९५ साली बाहेरच्या दबावाखाली तांदळावरचा आयात कर ३ टक्क्यांवर आला. अमेरिकेतला अनुदानित स्वस्त तांदूळ बंदरात उतरू लागला आणि आर्तिबोनीतचा शेतकरी आतबट्ट्यात गेला. बिल क्लिंटन यांनी मार्च २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे कबूल केलं की ते धोरण आपल्या आर्कान्सा राज्यातल्या काही शेतकऱ्यांना फायद्याचं ठरलं, पण चूक होती. त्यामुळे तुम्ही बाहेरून तांदळाचं पोतं नेता तेव्हा ते भरल्या जखमेवर नाही, उघड्या जखमेवर पडतं.

दुसरी पैशाची. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर जगाने हैतीसाठी थैल्या सैल सोडल्या, पण तातडीच्या मदतीतला साधारण १ टक्काच हैतीच्या सरकारी यंत्रणेमार्फत खर्च झाला. बाकी सगळा आंतरराष्ट्रीय संस्था, संयुक्त राष्ट्रांच्या शाखा आणि परदेशी ठेकेदारांकडून. देशाला ‘एनजीओंचं प्रजासत्ताक’ म्हणू लागले ते उगाच नाही. समन्वयाच्या बैठका विमानतळाजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या तळावर, बहुतेक इंग्रजीत व्हायच्या. पास नसलेल्या हैतीच्या माणसाला फाटकातूनच परतवायचे. ज्यांचा देश त्यांनाच बैठकीत खुर्ची नाही.

तिसरी कॉलऱ्याची. ऑक्टोबर २०१० मध्ये मिरबाले शहराजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेलं आणि आर्तिबोनीतमार्गे कॉलरा देशभर पसरला. आठ लाखांहून अधिक लोकांना लागण झाली, सुमारे १० हजार दगावले. संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस बान की-मून यांनी माफी मागितली ती डिसेंबर २०१६ मध्ये. मदतीला आलेल्यांनीच आजार आणला, ही गोष्ट तिथल्या शाळकरी पोरालाही माहीत असते. तुमच्याकडे तो संशयाने पाहतो तेव्हा त्याचं चुकत नसतं. स्वतःच्या तळावरच्या शौचालयांचं पाणी कुठे जातं, हे पहिल्या दिवशी स्वतः चालत जाऊन बघा.

२. पहिले दहा दिवस : कुणाला भेटायचं

हैतीत १० प्रांत आहेत. प्रांताखाली ‘कोम्युन’, म्हणजे ढोबळमानाने आपला तालुका, आणि त्याखाली ‘सेक्सियों कोम्युनाल’, म्हणजे ग्रामपंचायतीच्या आसपासचं क्षेत्र. या शेवटच्या पातळीवर ‘कासेक’ नावाचं तिघांचं मंडळ असतं. २०१६ नंतर वर्षानुवर्षं निवडणुका न झाल्याने अनेक ठिकाणी पदावरचा माणूस निवडून आलेला नसून नेमलेला असतो. तरीही त्याला टाळू नका. टाळलात तर तो अडवेल, आणि न अडवता गप्प बसला तर ते अधिक वाईट.

शिवाय नागरी संरक्षण विभागाच्या स्थानिक समित्या असतात. केशरी बनियन घातलेले हे स्वयंसेवक वादळाआधी घरोघरी सांगत फिरतात. कुठलं घर ओढ्यात येतं आणि कुठल्या म्हातारीला उचलून न्यावं लागतं, ते त्यांना ठाऊक असतं. तुमच्या सर्वेक्षणाची निम्मी माहिती त्यांच्या डोक्यात तयार आहे.

एक सापळा सांगून ठेवतो. गाडीतून उतरल्यावर जो माणूस सगळ्यात चांगलं फ्रेंच किंवा इंग्रजी बोलत पुढे येतो, तो तुमचा दुभाषा होतो, मग यादी करणारा होतो, मग यादीत कुणाला घ्यायचं ते ठरवणारा होतो. आठवडाभरात गावात तुमची नव्हे, त्याची संस्था आलेली असते. आपल्याकडेही दौऱ्यावरच्या साहेबाला असा एक ‘भाऊ’ भेटतोच. त्याचा राग धरायचं कारण नाही, पण याद्या किमान तीन वेगळ्या तोंडांतून तपासा : पाद्री किंवा व्होडू या तिथल्या लोकधर्माचा पुजारी, शाळामास्तर आणि बाजारातल्या ‘मादान सारा’. मादान सारा म्हणजे खेड्यातला माल शहरात आणि शहरातला खेड्यात नेणाऱ्या व्यापारी बायका. देशाचं अन्न अक्षरशः त्यांच्या डोक्यावरून फिरतं.

बैठक क्रेओलमध्ये घ्या. फ्रेंच कागदावर चालते, पण सगळ्या देशाला समजते ती क्रेओलच. आणि पैशाचा आकडा बोलताना जपून. अधिकृत चलन गूर्द, पण बाजारात लोक ‘डॉलर’ म्हणतात तो हैतीचा डॉलर, म्हणजे ५ गूर्द. अशी नोट अस्तित्वातच नाही, हिशोब मात्र त्यातच चालतो. आपल्याकडे आणे गेले तरी आजीचे ‘आठ आणे’ गेले नाहीत, तसंच. आमच्या एका सहकाऱ्याने मजुरी ‘डॉलर’मध्ये जाहीर केली आणि पगाराच्या दिवशी मारामारी होता होता राहिली. फलकावर नेहमी गूर्दच लिहा.

३. बाजार आधी, ट्रक नंतर

वस्तू द्यायच्या की रोख, यावर संस्थांमध्ये तासन्‌तास वाद होतात. अर्ध्या दिवसात उत्तर मिळतं. बाजारात जा, पाच विक्रेत्यांना गाठा, आणि तांदूळ, काळा घेवडा आणि खाण्याचं तेल या तीनच वस्तूंबद्दल चार प्रश्न विचारा. आजचा भाव काय? संकटाआधी काय होता? आत्ता किती माल आहे? आणखी दुप्पट हवा असेल तर किती दिवसांत आणाल, कुठून?

भाव थोडा वाढलेला आणि माल आठवड्यात येत असेल, तर रोख द्या. माल आहे पण व्यापाऱ्याकडे भांडवल नाही, तर आधी व्यापाऱ्याला उचल द्या आणि कुटुंबांना कुपनं. कुपन त्याच बाजारात वटवायचं. रस्ता तुटलाय आणि भाव दुपटीवर गेलाय, तरच ट्रक. आणि ट्रक आणला तर तो कधी थांबणार ती तारीख पहिल्याच दिवशी फलकावर लिहा. हा बाजाराचा फेरा दर आठवड्याला करा. आम्ही पहिल्या आठवड्यात केला आणि पुढचे दोन विसरलो. त्याचा परिणाम उपड्या मामितावर टेकलेला पाहिला.

बियाण्याबाबतही हेच. २०१० मध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीने संकरित मक्याचं बियाणं देणगी दिलं, तर मध्य पठारावरच्या शेतकरी संघटनेने मोर्चा काढून त्याची होळी केली. बाहेरच्यांना हा कृतघ्नपणा वाटला. पण त्या वर्षी बियाणं स्थानिक बाजारात उपलब्ध होतं, शेतकऱ्याच्या खिशात ते घ्यायला पैसे नव्हते. कारण शहरातून पळून आलेल्या नातेवाइकांना जेवू घालण्यात ते संपले होते. खिशात पैसे घातले असते तर बियाणं आपोआप शेतात गेलं असतं. बियाण्याची जत्रा भरवा, गावचेच विक्रेते बोलवा, कुपनं द्या. मुख्य पेरणी मार्च-एप्रिलच्या पहिल्या पावसाला असते. मेमध्ये पोचलेलं बियाणं शेतात जात नाही, चुलीवर जातं.

शाळेच्या जेवणासाठी धान्य लागतं ते सगळ्यात भरवशाचं गिऱ्हाईक. जागतिक अन्न कार्यक्रमाने हैतीत शालेय जेवणासाठी स्थानिक शेतकऱ्यांकडून खरेदीचा वाटा वाढवत नेला आहे. छोट्या संस्थेलाही हे जमतं. दोन शाळा, एक शेतकरी गट, आणि खरेदीचा करार पेरणीपूर्वी. पेरणीनंतरचा करार म्हणजे वराती मागून घोडं.

४. पाणी : टँकरची शेवटची तारीख

तातडीचे मापदंड पाठ असू द्या. माणशी दिवसाला १५ लिटर, एका नळाला जास्तीत जास्त २५० माणसं, घरापासून पाणी ५०० मीटरच्या आत, आणि घरातल्या भांड्यातल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन. भांड्यात तपासा. टाकीत तपासलं की आकडा नेहमी छान येतो.

पण ज्या दिवशी टँकर लावाल त्याच दिवशी एक गवंडी आणि एक प्लंबर घेऊन जवळच्या झऱ्यापर्यंत चढून जा. दक्षिण हैतीचे डोंगर चुनखडीचे, झरे पुष्कळ. अनेक ठिकाणी वीस-तीस वर्षांपूर्वी झऱ्याला बांधीव कुंड घालून नळाने खाली पाणी आणलेलं असतं. बहुतेक वेळा एक सांधा, शंभर मीटर पाइप आणि एक झडप, एवढ्यावर योजना अडलेली असते. टँकरचा महिन्याचा खर्च आणि ही दुरुस्ती यांची बेरीज एकाच कागदावर मांडा, म्हणजे देणगीदाराला फार समजावून सांगावं लागत नाही.

पाणीपुरवठ्याची राष्ट्रीय यंत्रणा ‘दिनेपा’. तिचे तंत्रज्ञ कोम्युन पातळीवर असतात, त्यांच्याकडे मोटारसायकल असते आणि पेट्रोल नसतं. पेट्रोल द्या आणि पाणी तपासायला त्यांनाच पाठवा. स्वतःची वेगळी फळी उभी केलीत तर तुम्ही गेल्यावर ती फळीही जाते, आणि दिनेपाचा माणूस दरम्यान तुमच्याकडेच चालक म्हणून लागलेला असतो. पाणी समितीने पट्टी गोळा करायची ती टँकर बंद व्हायच्या आधी किमान दोन महिने सुरू व्हायला हवी. फुकट टँकर दारात असताना पट्टी कोण देणार, असं सगळे म्हणतील. रक्कम नगण्य ठेवा. बाया वही धरायला आणि थकबाकीदाराला टोकायला शिकतात, त्यासाठी हे महिने आहेत.

५. मजुरी : बाहत्तरचा दुष्काळ आठवा

‘कामाच्या बदल्यात रोख’ हा शब्द आला की मराठी माणसाने बिचकू नये. या विषयात आपण जगाचे थोरले आहोत. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर लाखो हात खडी फोडायला बसले, आणि त्यातूनच पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. आपल्या आजोबा-आजींना विचारा. फोडलेल्या खडीचे ढीग कित्येक वर्षं रस्त्याकडेला तसेच पडून होते. त्याच मजुरीतून झालेल्या काही पाझर तलावांत आजही पाणी दिसतं. मजुरी तीच आणि घामही तोच होता. काम कुणी आखलं होतं, एवढाच फरक.

हैतीत वादळानंतर पहिले पंधरा दिवस राडारोडा आणि गटारं साफ करणं ठीक. तिसऱ्या महिन्यातही लोक झाडूच मारत असतील तर तुम्ही खडी फोडताय. तोवर डोंगरउतारावर जायला हवं : घळीत दगडी बांध, समतल चर, ओढ्याच्या काठाला गॅबियन, म्हणजे तारेच्या जाळीत भरलेले दगड. माथ्यापासून पायथ्याकडे, हे आपल्या पाणलोटवाल्यांचं सूत्र तिथेही खरं.

आखणीच्या तीन गोष्टी.

मजुरी शेतमजुरीच्या स्थानिक दराइतकी किंवा किंचित कमी ठेवा. जास्त दिलीत तर शेतकरी शेत सोडून येतो, इतकंच काय, शाळामास्तरही येतो. काम सकाळी लवकर सुरू करून अकरापर्यंत संपवा, म्हणजे उरलेला दिवस त्याच्या शेताचा. आणि पेरणीच्या आठवड्यांत काम बंद.

दुसरं, जमीन कुणाची ते आधी विचारा. डोंगरातली बरीच शेती ‘दे मवात्ये’, म्हणजे अर्धेलीने केलेली असते. कुळाने घाम गाळून बांध घातले, माती थांबली, पीक सुधारलं, की मालक शहरातून येऊन जमीन परत घेतो. बांधाचा पहिला दगड लावण्याआधी मालक, कुळ आणि कासेकचा माणूस यांच्यात किमान पाच वर्षांचा कागद करा. एवढ्याने सगळं सुरक्षित होतं असं नाही, पण कागद नसला तर तुम्ही मालकाची जमीन फुकटात सुधारून देताय.

तिसरं, ‘कोन्बित’. ही तिकडची इर्जिक. एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून राबायचं, ढोल-गाणी, शेवटी घरच्या मालकाचं जेवण. तुम्ही सरसकट रोजंदारी लावली की कोन्बित मरते, कारण उद्या फुकट कोण येणार? म्हणून सार्वजनिक घळ, रस्ता, झऱ्याचा वरचा भाग यावर मजुरी द्या. खासगी शेतावरच्या बांधांना अवजारं, दगड वाहायला गाढवं आणि जेवणाचं सामान द्या, रोख नको.

इथे वाळ्याची गोष्ट सांगायलाच हवी. दक्षिणेतल्या ले काय शहराच्या आसपासच्या टेकड्यांवर वाळा पिकतो. हो, आपण उन्हाळ्यात माठात टाकतो तोच. जगातल्या वाळ्याच्या तेलाचा निम्म्याच्या आसपास वाटा हैतीचा, आणि ते तेल महागड्या अत्तरांत जातं. उतारावर माती धरून ठेवायला वाळ्यासारखं गवत नाही. पण तेल मुळांत असतं. मुळं काढायची तर टेकडी खणायची, आणि ऐन पावसाआधी खणली की माती ओढ्यात. शेतकरी हे जाणतो. घरात पैसा नसला की बारा महिन्यांतच, पूर्ण तयार होण्याआधी, उपटतो. कमी तेल, कमी भाव आणि उघडी टेकडी. एका म्हाताऱ्याने मला मुठीत धरलेली मुळी हुंगायला दिली आणि म्हणाला, हिला अजून वास यायचाय. आमचं प्रकल्पपत्र ‘मृदसंधारण’ म्हणत होतं. त्याला लागत होते सहा महिने कळ काढण्यापुरते पैसे. आम्ही मजुरीचे हप्ते त्या सहा महिन्यांवर बसवले आणि बांधाच्या कडेने वाळ्याच्या न उपटायच्या ओळी लावून घेतल्या. सगळ्या टिकल्या नाहीत. बऱ्याच टिकल्या.

६. घरं : पिवळी खूण आणि किल्लारीच्या बाया

२०१० नंतर हैतीच्या सार्वजनिक बांधकाम खात्याने जवळपास चार लाख इमारती तपासून हिरव्या, पिवळ्या आणि लाल खुणा केल्या. पिवळी म्हणजे दुरुस्त केलं तर राहता येईल. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात लवकर मिळणारं घर हेच होतं. तरी बराच पैसा लाकूड-पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत गेला, कारण ते मोजायला सोपे आणि फोटोत चांगले दिसतात. ‘तात्पुरतं’ हा शब्द कुणी सांगितला तर त्याला कानान दाखवा. पोर्ट-ओ-प्रिन्स या राजधानीच्या उत्तरेला उजाड माळावर भूकंपग्रस्तांची छावणी हलवली गेली, तिच्याभोवती लोकांनी स्वतःच वस्ती केली, आणि आज ते मोठं शहर आहे. त्याला पाणी, गटार, रस्ता यांची आखणी पहिल्या दिवशी कुणी केलीच नव्हती. छावणीसाठी जागा निवडताना इथे वीस वर्षांनी शाळा कुठे असेल, हे विचारायला लाजू नका.

क्रम असा ठेवा. आधी ताडपत्री, दोरी, हातोडा, खिळे, आणि छप्पर वाऱ्याला कसं बांधायचं ते दाखवणारा गवंडी. मग पिवळ्या घरांची दुरुस्ती. नवं बांधकाम शेवटी. घराचा पैसा कुटुंबाच्या हातात, टप्प्याटप्प्याने. पाया तपासला की पुढचा हप्ता.

गवंडी, म्हणजे ‘बॉस मासोन’, हा तुमचा खरा विद्यापीठ-प्राध्यापक. त्याला शिकवताना व्याख्यान देऊ नका. त्याच्याच गावात बनलेले पाच सिमेंट ब्लॉक खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडायला सांगा. एकापेक्षा जास्त फुटला तर तो माल घ्यायचा नाही. समुद्राची वाळू वापरली असेल तर चाखून कळते. आधी भिंत, मग तिला कवेत घेणारा काँक्रीटचा खांब आणि वर सलग पट्टा. खांब आधी उभा करून मध्ये भिंत भरायची नाही. एवढं एका माणसाच्या हातात बसलं की तो पुढच्या तीस घरांत तेच करतो, तुम्ही असा वा नसा.

देखरेख कुणाची? याचं उत्तर लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावोगावच्या महिला मंडळांना ‘संवाद सहायक’ नेमलं गेलं. सरकारी अनुदान कसं मिळतं, पट्टा कुठे बसतो, सिमेंट किती, हे त्या घरोघरी सांगायच्या आणि तपासायच्या. २००१ च्या भूकंपानंतर यांतल्याच बायका कच्छमध्ये जाऊन तिथल्या बायकांशी बोलल्या. घर बांधताना दिवसभर तिथे कोण असतं? घरातली बाई. मग सिमेंटची पोती मोजायचं काम तिलाच. हैतीत मी ही कल्पना मांडली तेव्हा आमच्या अभियंत्याने भुवया उंचावल्या. गळती मोजल्यावर त्या खाली आल्या.

७. तीन पेट्या

हैतीत भिशी आहे, तिला ‘सोल’ म्हणतात. आणि आपल्या बचत गटासारखी ‘म्युत्युएल सोलिदारिते’ आहे, लाडाने ‘म्युसो’. म्युसोच्या तीन पेट्या असतात. हिरवीत सभासदांची बचत, त्यातून कर्ज. लाल पेटी अडीअडचणीची : आजारपण, मयत, वादळ, त्यातलं दिलेलं परत मागायचं नाही. निळ्या पेटीत बाहेरून आलेला पैसा.

या तीन पेट्यांकडे पाहिल्यावर मदत आणि विकास वेगळे करण्याचा आपला सगळा खटाटोप हास्यास्पद वाटतो. खेड्यातल्या बायांनी दोन्ही एकाच बैठकीत, एकाच बाकावर मांडून ठेवलेत, आणि तरी एकमेकांत मिसळू दिलेले नाहीत. मिसळलं तर काय होतं? संस्थेचा पैसा हिरवीत टाकला की कर्ज फेडायची शिस्त जाते, कारण ‘ते तर त्यांचे पैसे’. म्हणून बाहेरची रक्कम निळीतच टाका. आपत्तीत लाल पेटी रिकामी होते. ती पुन्हा भरायला मदत करा, पण सभासदांनी स्वतः जेवढे टाकले तेवढेच तुम्ही, जास्त नाही. गट नसेल तर मदतीच्या रांगेतच गट बांधायला जाऊ नका. पैशाच्या आशेने बनलेला गट पैशाबरोबर संपतो. जुनी भिशी शोधा, ती असतेच.

ज्या घरात हिरव्या पेटीत टाकायलाही काही नाही, त्यांना वेगळा रस्ता लागतो. फोन्कोझे ही हैतीची सूक्ष्मवित्त संस्था अठरा महिन्यांचा कार्यक्रम चालवते : काही आठवडे खर्चाला पैसे, दोन प्रकारची मालमत्ता, उदाहरणार्थ शेळ्या आणि किरकोळ व्यापाराचा माल, घराला छप्पर, आणि दर आठवड्याला घरी येणारी कार्यकर्ती. हा साचा बांगलादेशच्या ब्रॅकचा. ब्रॅक स्वतः १९७२ मध्ये परत आलेल्या निर्वासितांना मदत म्हणूनच सुरू झाली होती. शेळी सगळेच देतात. दर आठवड्याला घरी जाणं महाग पडतं, म्हणून ते वगळलं जातं, आणि मग शेळी विकली जाते.

८. माणसं आणि पगार

थोडक्यात सांगतो. सरकारी दवाखान्यातली परिचारिका तिप्पट पगारावर ओढू नका. २०१० मध्ये फुकट उपचारांची तात्पुरती रुग्णालयं इतकी उभी राहिली, की राजधानीतलं एक चांगलं खासगी रुग्णालय पैशाअभावी बंद पडलं. जिथे दवाखाना आहे तिथे तंबू ठोकू नका. त्याच इमारतीला डिझेल, औषधं आणि रखडलेल्या पगारांवर भत्ता द्या. झान्मी लासान्ते ही संस्था मध्य पठारावर १९८० च्या दशकापासून हेच करत आली : सरकारी आरोग्य खात्याबरोबर काम आणि गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांना पगार. तिकडच्या या ‘आशा ताई’ फुकट राबाव्यात, अशी अपेक्षा कुणीही ठेवू नये. याच कामातून २०१३ मध्ये मिरबाले शहरात डॉक्टर-परिचारिकांना प्रशिक्षण देणारं मोठं रुग्णालय उभं राहिलं.

९. रस्ता बंद होईल असं धरूनच चाला

तेच मिरबाले शहर मार्च २०२५ च्या अखेरीस टोळ्यांनी घेतलं आणि रुग्णालयाचं काम थांबलं. हे मुद्दाम लिहितो, कारण अशा लेखांत सगळं शेवटी छान होतं.

२०२१ च्या उन्हाळ्यात मार्तिसाँ ही राजधानीच्या दक्षिण टोकाची वस्ती टोळ्यांच्या ताब्यात गेली, आणि दक्षिणेकडचा एकमेव मोठा रस्ता तिथूनच जातो. १४ ऑगस्टला ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला, दोन हजारांवर माणसं गेली आणि दोनच दिवसांत ग्रेस वादळाचा पाऊस आला. राजधानीतल्या गोदामांत सामान होतं, ते निघेना. ज्यांचा साठा, माणसं आणि पैसे आधीच दक्षिणेतल्या ले काय आणि जेरेमी या शहरांत होते, ते त्याच संध्याकाळी कामाला लागले. तेव्हा तुमचा साठा तीन ठिकाणी विभागा, सही करण्याचा अधिकार प्रांतातल्या स्थानिक माणसाला द्या, आणि पैसे मोबाइलवरून पाठवण्याची सोय शांततेच्या दिवसांत घासूनपुसून ठेवा.

विस्थापित म्हटलं की डोळ्यापुढे तंबू येतात. २०२५ च्या सुरुवातीलाच हैतीत दहा लाखांवर लोक घराबाहेर होते, आणि त्यांतले बहुतेक तंबूत नव्हते, खेड्यातल्या चुलत्या-मावश्यांकडे होते. पाच माणसांच्या खोलीत अकरा झोपतात, पेरणीचा पैसा शाळेच्या फीत जातो. इथे यादी ‘विस्थापित’ म्हणून करू नका, घर म्हणून करा. पाहुण्याला पोतं आणि यजमानाला काही नाही, असं झालं की पाहुण्याची सोय महिन्याभरात संपते. गावच्या शाळेला दोन वर्ग आणि एक शिक्षक वाढवून दिला तर पोरं पाहुण्यांचीही शिकतात, गावचीही.

१०. निघायची तयारी

चक्रीवादळांचा हंगाम १ जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. प्रकल्पाची शेवटची तारीख देणगीदार ३० सप्टेंबर किंवा ३१ डिसेंबर ठरवतो, कारण त्याचं आर्थिक वर्ष तसं असतं. भांडून ती मार्चमध्ये आणा, म्हणजे तुम्ही ऐन ऑगस्टमध्ये कार्यालय आवरत नसाल. आणि जमलं तर एक वादळाचा हंगाम नुसतं बघ्यासारखं थांबा : सगळे निर्णय समितीचे, तुम्ही फोन उचलणार नाही.

मे महिन्यात समितीबरोबर एक फेरी करा. घळीतले निसटलेले दगड, गॅबियनची तुटलेली तार, झऱ्यावरच्या कुंडाचं झाकण, ताडपत्र्यांचा साठा, लाल पेटीतली शिल्लक. जे सापडेल ते वहीत लिहा, दुरुस्तीचा खर्च निळ्या पेटीतून.

ती वही क्रेओलमध्ये असू द्या. पहिल्या पानावर गवंड्याचा, प्लंबरचा आणि दिनेपाच्या तंत्रज्ञाचा फोन. दुसऱ्यावर पाइपचे व्यास आणि ते कुठल्या दुकानात मिळतात. आम्ही आमची वही फ्रेंचमध्ये, रंगीत आलेखांसकट छापली होती. सहा महिन्यांनी गेलो तेव्हा तिच्या मागच्या कोऱ्या पानांवर पाणीपट्टीचा हिशोब मांडलेला होता, क्रेओलमध्ये, शाईच्या तीन वेगवेगळ्या रंगांत, आणि तो चोख होता.